१० बाय १२ ची खोली, २५ हजारांचं बजेट आणि तंबोऱ्याचा खर्ज

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका घरासाठी गाणं ऐकायचे स्पीकर निवडण्याचं, मिरजेतलं, २०२४ सालचं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नोकरीचे आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. खोलीची मापं, खर्च आणि आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण कोणाला उपयोग झालाच तर त्यांचाच होईल.

आप्पा ७१ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. माझे वडील आणि ते एका खात्यात होते, तेव्हापासूनचा घरोबा. गाणं शिकलेले नाहीत, पण ऐकणं पन्नास वर्षांचं. तरुणपणी संध्याकाळी ड्यूटी संपली की सतारमेकर गल्लीत एका कारागिराच्या दुकानात जाऊन बसायचे. पंढरपूर भागातून आलेले भोपळे, त्यांच्यावर चढणारी तबकडी, शेवटी घोडीवर सूत सरकवत जुळवलेली जवारी, म्हणजे तारेचा झंकार, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि ऐकलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्या गावात घर केलं आणि ज्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, त्या गावचा हा श्रोता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आप्पांनी मला फोन करून ती बातमी सगळी वाचून दाखवली होती.

घरात ३४० कॅसेट होत्या. पुण्यातल्या मुलाने त्या हळूहळू संगणकावर उतरवून एका पेनड्राइव्हमध्ये दिल्या. त्यातलं निम्म्याहून जास्त मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणारं: जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरून उतरवलेलं, रेडिओवरून घेतलेलं, मैफलीत कोणीतरी मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून धरलेलं.

अडचण

जुना डेक आणि त्याचे आठ इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खालच्या स्वरांचा पडदा) मोठे स्पीकर २०१९ च्या पुरानंतरच्या दमट महिन्यांत बंद पडले. वूफरच्या कडेचा फोम हाताला भुगा होऊन लागत होता. मुलाने प्रेमाने एक गोल ब्लूटूथ स्पीकर आणून दिला. तो दिसायला छान होता आणि बातम्यांना पुरत होता.

जून महिन्यात आप्पांच्या पत्नी माईंचा मला फोन आला. म्हणाल्या, "अरे, चार महिने झाले, आपल्या घरात गाणं लागलेलं नाही. ते काही बोलत नाहीत, पण तू एकदा येऊन बघ."

मी गेलो. आप्पांनी एक विलंबित ख्याल लावला आणि दोन मिनिटांत बंद केला. "डग्गा कुठाय यात? कोणीतरी टेबलावर बोटं वाजवतंय. आणि तंबोरा म्हणजे माशी."

हे गाऱ्हाणं अगदी नेमकं होतं. काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुषी आवाजात षड्ज साधारण १३८ हर्ट्झला येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या स्वराची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. डग्ग्याचा घुमाराही याच भागात असतो. तीन इंची पडद्याचा छोटा डबा तिथे पोचतच नाही. गंमत अशी की तरीही तंबोरा ओळखू येतो: खर्जाच्या तारेतून १३८, २०७, २७७ असे वरचे स्वयंभू स्वर भरभरून निघतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. स्वर कळतो, पण त्याचं वजन येत नाही. आप्पांना नेमकं ते वजन हवं होतं.

काय हवं होतं आणि काय शक्य होतं

बैठकीची खोली १० बाय १२ फुटांची, छत साडेनऊ फूट, खाली शहाबादी फरशी, भिंती कोऱ्या. आप्पा गादीवर लोडाला टेकून ऐकतात, खुर्चीत नाही. स्पीकर आणि त्यांच्यात जेमतेम सात फूट. बजेट सगळं मिळून २५,००० रुपये, आणि ते आप्पांचं स्वतःचं, कारण मुलाकडून पुन्हा घ्यायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं. माईंची अट एकच: रिमोट तीन नकोत.

मी चार वाटा मांडल्या.

पहिली, जुने स्पीकर दुरुस्त करणं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवा फोम बसवून मिळतो. पण डेकही गेलेला होता, आणि ते दोन पेटारे या खोलीत ठेवले तर माणसांनी बसायचं कुठे, हा प्रश्न होता. ही वाट मी फार लवकर सोडली, त्याबद्दल पुढे येईनच.

दुसरी, साउंडबार. टीव्हीसाठी उत्तम. पण पट्टीतले पडदे दोन-अडीच इंची आणि खालचा सगळा भार कोपऱ्यातल्या वेगळ्या डब्यावर. गायकाचा खर्जातला आलाप अर्धा पट्टीतून आणि अर्धा कोपऱ्यातून येतो. दोघांचा मेळ जमला नाही की आवाज मधोमध चिरल्यासारखा होतो. ही वाट दहा मिनिटांत बाद झाली.

तिसरी, आत अॅम्प्लिफायर असलेली लहान जोडी. एक वायर भिंतीत, एक दोन स्पीकरांच्या मध्ये, एकच रिमोट. माईंची अट पूर्ण. तेव्हा १०-१३ हजारांत चार इंची वूफर मिळत होता. तोटा एवढाच की आतला सर्किट बोर्ड गेला तर अख्खी जोडी मुकी होते.

चौथी, साधी पाच इंची जोडी आणि वेगळा छोटा अॅम्प्लिफायर. जास्त वायरी, जास्त पैसे, पण एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि वूफर मोठा मिळतो.

आप्पांनी एक पाचवी वाट सुचवली, आणि तिच्यावर मी अजून विचार करतो. "निम्म्याहून जास्त गाणं मोनो आहे. मग दोन कशाला? एकच चांगला घेऊ की." तर्क खोटा नव्हता. मोनो मुद्रण एकाच चांगल्या स्पीकरवर जास्त घट्ट ऐकू येतं. पण स्टीरिओ मुद्रणांत तबला एका बाजूला आणि तंबोरे दुसऱ्या बाजूला असतात, ते सगळं एकात दाबायला त्यांचंच मन तयार झालं नाही. जोडीच घ्यायची ठरली.

वॅटबद्दल मात्र बरंच बोलावं लागलं. पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या, हजार-हजार वॅटच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत आणि तो आकडा अजून अनेकांच्या डोक्यात आहे. हिशेब साधा आहे. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज देतो. सात फुटांवर तो काहीसा उतरतो, दोन स्पीकर असल्याने थोडा चढतो, म्हणजे एका वॅटमध्येच ८० च्या वर. एवढ्यात गाणं घर भरून ऐकू येतं. समेवरच्या थापेसाठी दहापट राखीव धरली तरी खोलीला २० वॅट पुरतात. छोट्या अॅम्प्लिफायरवर 'दोन गुणिले १०० वॅट' छापलेलं असेल तर सोबतचा अडॅप्टर उलटा करून बघावा: २४ व्होल्ट, ४.५ अँपिअर, म्हणजे आत येतात तेच एकूण १०८ वॅट. त्यातून २०० बाहेर कसे निघतील?

पहिला निर्णय आणि तो का फसला

जुलैत आप्पांना घेऊन पुण्याला गेलो. बरोबर पेनड्राइव्हवर पाच तुकडे: नुसता तंबोरा, एक पुरुषी आणि एक बाईचा ख्याल, एक तबला सोलो आणि एक जुनं नाट्यपद, खरखरीसकट.

दुकानाची ऐकायची खोली गालिचा अंथरलेली, भिंतींना पडदे. विक्रेत्याने आधी स्वतःचं झगमगीत संगीत लावलं, मग आमचं. चार इंची सक्रिय जोडीवर (तिसऱ्या वाटेतल्या) तंबोरा लागला आणि आप्पा ताठ बसले. जवारीची एकेक कणी वेगळी ऐकू येत होती. त्यानंतर लावलेली पाच इंची साधी जोडी त्यांना मंद वाटली. "ही पहिली. जिवंत आहे."

इथे माझं चुकलं. सक्रिय जोडीचा आवाज तिच्या स्वतःच्या बटणावर होता, दुसरीचा दुकानाच्या अॅम्प्लिफायरवर, आणि दोन्ही एका पातळीवर आहेत का हे मी पाहिलंच नाही. एक-दोन डेसिबलने मोठा स्पीकर मोठा वाटत नाही, तो चांगला वाटतो. फोनमधलं ध्वनिमापक अॅप काढून तीस सेकंदांत पातळी जुळवता आली असती. मी हे काम ओळखतो, तरी आप्पांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून थांबलो नाही.

एक गोष्ट मात्र बरी केली. दहा दिवसांत बदलून मिळेल, हे बिलावर लिहून घेतलं. जोडी १२,५०० ची.

मिरजेत ती शोकेसवर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. "कान दुखतायत रे." नाट्यपदात गाणं मागे आणि खरखर पुढे. मैफलीच्या मुद्रणांत टाळ्या पत्र्यावरच्या पावसासारख्या. दुकानातल्या गालिच्याने जे वरचे स्वर पिऊन टाकले होते, ते इथे शहाबादी फरशी आणि कोऱ्या भिंती परत फेकत होत्या. त्यात तो स्पीकर मुळातच वरच्या भागात चढा. दुकानात जिवंतपणा वाटला, तो हाच चढेपणा होता.

मुलाचं मत उलटं होतं. "या वयात वरचं ऐकू कमी येतं, मग चढा स्पीकर चांगलाच ना?" पटण्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही आप्पांची श्रवणचाचणी करून घेतली. ४,००० हर्ट्झच्या वर ऐकणं खरंच उतरलेलं होतं. पण तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते फार मोलाचं होतं: अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण तोच आवाज थोडा वाढला की एकदम असह्य होतो. सहन होण्याची पट्टी अरुंद होते. चढा स्पीकर त्या पट्टीच्या वरच्या कडेवर जाऊन आदळतो. आप्पांना जास्त वरचं नको होतं, स्वच्छ आणि सपाट हवं होतं.

दुसरी फेरी

आठव्या दिवशी बदलायला गेलो. या वेळी पातळी जुळवून ऐकलं, डोळे मिटून, कोणता कुठला हे आप्पांना न सांगता. निवड दोन पाच इंची साध्या जोड्यांत होती. मॉडेलची नावं देत नाही, दोन वर्षांत ती बाजारातून जातात. फरक सांगतो. दोन्ही ८६ डेसिबल, दोन्ही ६ ओहम. एकीचं पोर्ट, म्हणजे पेटीतलं हवेचं भोक, मागे, दुसरीचं पुढे. मागच्या पोर्टवालीचा डग्गा दुकानात भरदार होता. पण आप्पांच्या खोलीत स्पीकर भिंतीपासून फार दूर सरकवता येणारच नव्हता, आणि मागचं पोर्ट भिंतीला टेकलं की घुमायला लागतं. पुढच्या पोर्टवाली घेतली, १५,००० ची. डब्यावर खालची मर्यादा ५८ हर्ट्झ छापली होती. किती डेसिबल उताराला ते लिहिलं नव्हतं, म्हणून त्या आकड्यावर मी विसंबलो नाही. ६९ हर्ट्झची शुद्ध शिटी फोनवरून वाजवून पाहिली. ऐकू आली, थोडी हळू, पण न फाटता.

लहान पेटीकडून खालच्या सप्तकाची थोडी तडजोड घेऊन माणसाचा आवाज खरा मिळवायचा, हा विचार जुना आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा इवलासा स्पीकर बांधला. त्या गाडीत मोठी पेटी मावत नव्हती आणि निवेदकाचा आवाज तर अचूक ऐकू यायला हवा होता. मला ती गोष्ट आप्पांना सांगावीशी वाटली, कारण लहान म्हणजे दुय्यम ही सल त्यांच्या मनात होती.

अॅम्प्लिफायर ५,५०० चा, पेनड्राइव्ह आणि टीव्ही दोन्ही जोडता येणारा, एकच रिमोट. वायर विजेच्या दुकानातून, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची, आठ मीटर, ४८० रुपये. महाग स्पीकर-वायरीचा आग्रह मुलाने धरला होता, तो मी मोडून काढला.

घरातली मांडणी

पहिल्याच संध्याकाळी डग्गा गायब. आप्पा काही बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. नाट्यपद लावलं. मोनो मुद्रण, म्हणजे गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये दिसायला हवा. तो कुठेच नव्हता, खोलीभर पसरला होता. तेव्हा लक्षात आलं. एका स्पीकरची तांबडी-काळी टोकं उलटी लागली होती. एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जात होता आणि खालचे स्वर एकमेकांना खात होते. पारदर्शक दोन पदरी वायरीत एकाच पदरावर बारीक रेघ असते, ती मी संध्याकाळच्या उजेडात चुकलो होतो. टोकं बदलली. गायक मधोमध येऊन बसला आणि डग्गा घरात आला. मोनो संग्रहाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मग जागा. शोकेसमधून काढून स्टँडवर ठेवायचं ठरलं. बाजारातले तयार स्टँड २४ इंची, खुर्चीतल्या माणसाच्या कानासाठी. गादीवर बसलेल्या आप्पांचा कान जमिनीपासून ३० इंचांवर. ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा पडदा, त्या उंचीला यायला हवा, म्हणून एका फॅब्रिकेशनवाल्याकडून २० इंची लोखंडी स्टँड करून घेतले, पोकळ पाइपात कोरडी वाळू भरून. जोडी २,२०० रुपये.

भिंतीपासून किती अंतर ठेवायचं, यात मी दुसऱ्यांदा चुकलो. दोन फूट सोडा, हा सगळीकडचा सल्ला मी डोळे मिटून पाळला. पुरुषी ख्याल लावला आणि षड्जच पोकळ. मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज ज्या स्वराला उलटा होऊन भेटतो, तो स्वर पडतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ६१ सेंटीमीटरवर असेल तर तो खळगा १४० हर्ट्झच्या जवळ येतो, म्हणजे जवळपास नेमका काळी एकचा षड्ज! आप्पांच्या निम्म्या संग्रहाचा आधारस्वर मीच कापून ठेवला होता. स्पीकर मागे सरकवत दर्शनी भाग ३८ सेंटीमीटरवर आणला. खळगा सव्वादोनशेच्या आसपास गेला, आणि तिथे तो उथळही झाला. भिंत जवळ आल्याने डग्ग्याला थोडा आधार मिळाला तो वेगळाच.

वरच्या भागाच्या कडकपणावर इलाज माईंनी काढला. ट्रंकेतल्या दोन जाड गोधड्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, आरसा धरला असता स्पीकर दिसेल अशा जागी, लाकडी पट्टीला लटकवल्या. खाली सतरंजी. टाळ्यांचा पत्रा गेला. गोधडीने खालचं घुमणं मात्र कमी होत नाही, ते मी आधीच सांगितलं होतं. खोलीची १० फुटांची रुंदी आणि साडेनऊ फुटांचं छत जवळजवळ सारखं असल्याने ५६ ते ५९ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. तबल्याच्या काही मुद्रणांत ते ऐकू येतं. आप्पांची गादी फूटभर पुढे ओढल्यावर ते निम्म्याने कमी झालं, आणि तेवढ्यावर आम्ही थांबलो.

निष्पत्ती

एकूण खर्च २३,१८० रुपये. ऑगस्टच्या शेवटी मी पुन्हा गेलो, तेव्हा सकाळी सहाला तोडी लागलेली होती आणि माई स्वयंपाकघरातून म्हणत होत्या, "जरा हळू करा, दूधवाला हाक मारतोय ते कळत नाही."

आप्पांनी स्वतःची एक परीक्षा घेतली होती. शेजारच्या घरातून खरा तंबोरा मागून आणला, मुद्रणातल्या पट्टीला जुळवला आणि दोन्ही आळीपाळीने ऐकले. निकाल असा: जवारी बरोबर, पंचमाची तार बरोबर, खर्ज "दाराच्या पलीकडून आल्यासारखा, पण माणूस तोच." पाच इंची पडद्याकडून यापेक्षा जास्त मागता येत नाही.

एक उणीव उरली आहे. बाईच्या आवाजातल्या, काळी चारच्या आसपासच्या मुद्रणांत षड्ज २०८ हर्ट्झला येतो आणि आमचा सरकवलेला खळगा त्याच्या शेजारीच आहे. माईंना ते जाणवतं, आणि त्यांची आवड तीच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी मी खोली मोजेन, दुकानात नंतर जाईन. आम्ही उलटं केलं आणि चकरा वाढल्या. श्रवणचाचणीही पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. सत्तरीतल्या माणसासाठी स्पीकर निवडताना तो कागद डब्यावरच्या आकड्यांपेक्षा जास्त सांगतो.

पैशांची वाटणीही आधी करेन. पहिल्या हिशेबात स्टँडला शून्य रुपये होते. चौथी वाट पहिल्याच दिवशी धरून शोकेसवरच थांबलो असतो तर पंधरा हजारांची जोडीसुद्धा आप्पांनी परत पाठवली असती, असं मला वाटतं.

जुन्या स्पीकरांबद्दल मी घाई केली. ते पेटारे या खोलीत मावत नाहीत हे खरं, पण वूफरचे पडदे आणि चुंबक शाबूत होते. फोम बसवून गच्चीलगतच्या खोलीत ते लावता आले असते, आणि तो खर्ज दारापलीकडे राहिला नसता. ही वाट मी आप्पांसमोर नीट मांडलीच नाही, स्वतःच ठरवून टाकली.

माईंसाठी आता जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या आहेत. एक ३८ सेंटीमीटरची, दुसरी ५० ची. दुसऱ्या खुणेवर खळगा १७० हर्ट्झकडे उतरतो आणि काळी चारचा षड्ज मोकळा होतो. दुपारी त्या ऐकायला बसल्या की आप्पा दोन्ही स्टँड पुढे ओढून देतात आणि संध्याकाळी परत मागे नेतात.